बारा दिवसांचा उशीर आणि एक जूनची मुलं

२३ जुलै २०१६. पोलंडमधलं बिडगॉश्च हे शहर. वीस वर्षांखालच्या खेळाडूंची जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा, मुलांच्या भालाफेकीची अंतिम फेरी. हरियाणातल्या खंडरा गावचा नीरज चोप्रा दुसऱ्या फेकीसाठी धावत येतो, भाला सोडतो आणि आकडा लागतो: ८६.४८ मीटर.

त्याआधीचा या वयोगटाचा जागतिक विक्रम लाटवियाच्या झिगिस्मुंड्स सिरमाइसचा होता. २०११ सालचा, ८४.६९ मीटर. असे विक्रम एरवी थोड्याच फरकानं मोडतात. हा पावणेदोन मीटरहून जास्त फरकानं मोडला. त्या दिवशी दुसरा आलेला दक्षिण आफ्रिकेचा योहान ग्रोब्लर ८०.५९ वर होता, तिसरा आलेला ग्रेनाडाचा अँडरसन पीटर्स ७९.६५ वर. पहिल्या आणि दुसऱ्यात जवळजवळ सहा मीटर. अ‍ॅथलेटिक्समध्ये जागतिक विजेता होणारा हा पहिला भारतीय, आणि वय अठरा.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात नुकता गेलो होतो. मीही सत्त्याण्णवचाच. आपल्याच वयाच्या कुणीतरी जग जिंकलंय याचा आनंद हॉस्टेलच्या ग्रुपवर साधारण वीस मिनिटं टिकला. मग कुणीतरी विचारलं, "मग हा रिओला आहे ना?"

नव्हता. रिओ ऑलिम्पिकच्या भालाफेकीसाठी पात्रतेचं अंतर होतं ८३ मीटर आणि ते गाठायची मुदत होती ११ जुलै २०१६. नीरजनं त्या फेब्रुवारीत गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ८२.२३ मीटर फेकला होता. सत्त्याहत्तर सेंटिमीटर कमी. मुदत संपल्यावर बारा दिवसांनी त्यानं नुसतं ८३ नाही, तर ८६.४८ केलं. ऑगस्टमध्ये रिओत जर्मनीच्या थॉमस र‍ोलरला ९०.३० वर सुवर्ण मिळालं, केनियाच्या ज्युलियस येगोला ८८.२४ वर रौप्य, आणि त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटला कांस्य. किती मीटरवर? ८५.३८.

मग काय, सगळ्या भारतानं वजाबाकी केली. मीही केली. १.१० मीटर. 'एका तारखेनं मेडल घालवलं' असा मेसेज मी स्वतः पाठवलेला आहे, खाली दोन रागावलेले इमोजी लावून.

आज ती वजाबाकी मला चुकीची वाटते. पण तेवढंच असतं तर हा लेख लिहिला नसता, नऊ वर्षांपूर्वीच्या मेसेजवर कोण लेख लिहितं? त्या वजाबाकीत नेमकं काय चुकतंय हे शोधताना मला माझी दुसरी एक चूक सापडली. ती मैदानावरची नाही, ऑफिसातली आहे, आणि मला अजून नीट मिटवता आलेली नाही.

आधी वजाबाकी. ती करायचा मोह का होतो, याला एक तांत्रिक कारण आहे. गोळाफेकीत वीस वर्षांखालची मुलं सहा किलोचा गोळा फेकतात, मोठे पुरुष ७.२६ किलोचा. थाळी पावणेदोन किलोची, मोठ्यांची दोनची. हातोड्यातही तोच फरक. भाला तेवढा दोन्हीकडे ८०० ग्रॅमचाच. सतराव्या वर्षापर्यंतची मुलं ७०० ग्रॅमचा फेकतात, पण वीसखालच्या गटात आलात की हातात मोठ्यांचाच भाला. त्यामुळे ज्युनिअर गोळाफेकपटूचा आकडा ऑलिम्पिकच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. भालाफेकपटूचा ठेवता येतो. निदान तसं वाटतं.

पण ८६.४८ हा त्या मुलाच्या खात्यात जमा झालेला बॅलन्स नाही. तो त्या दिवसाचा आहे. शंभर मीटर धावण्यात किंवा लांब उडीत पाठीमागचा वारा ठरावीक वेगापेक्षा जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत. फेकीच्या खेळांत असली मर्यादाच नाही. वारा जसा असेल तसा. त्यातून अंतिम फेरी म्हणजे एकट्यानं केलेली बेरीज नव्हे. तेव्हाच्या नियमानं बारा जण, प्रत्येकाच्या तीन फेकी, मग पहिल्या आठांना आणखी तीन. समोरच्यानं लांब टाकला की आपलं शरीर बदलतं, कुणाचं खुलतं, कुणाचं आखडतं. नीरज रिओत असता तर वॉलकॉटला ८५.३८ वर थांबून चाललं नसतं. त्यानं ८७ टाकला असता की त्याचा पाय रेघेपलीकडे गेला असता, हे सांगणारा माणूस जगात नाही. वॉलकॉटलाही ते माहीत नाही.

आणि ज्याचं कांस्य आपण व्हॉट्सअ‍ॅपवर बसून काढून घेत होतो, तो वॉलकॉट कोण? जुलै २०१२ मध्ये बार्सिलोनात हीच ज्युनिअर स्पर्धा झाली, तेव्हा भालाफेकीत तोच जिंकला होता. ७८.६४ मीटर. बरा आकडा, पण त्यावरून कुणी ऑलिम्पिकची स्वप्नं पाहिली नसती. महिनाभरात लंडनला ऑलिम्पिक होतं. एकोणीस वर्षांचा हा मुलगा तिथे गेला आणि ८४.५८ टाकून सुवर्ण घेऊन आला. म्हणजे बार्सिलोनाच्या आकड्यावरून लंडनची वजाबाकी केली असती, तर उत्तर आलं असतं 'घरीच राहा'. नीरजच्या बाबतीत जी वजाबाकी आपल्याला अन्याय दाखवते, तीच वॉलकॉटच्या बाबतीत त्याला मैदानाबाहेर काढते.

जॉन रॉल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाचं १९७१ सालचं 'अ थिअरी ऑफ जस्टिस' नावाचं जाडजूड पुस्तक आहे. मी ते सगळं वाचलेलं नाही, उगाच सांगत नाही. पण त्यातला एक छोटा भाग मला कामाचा वाटतो. न्याय करण्याच्या पद्धती तो वेगवेगळ्या करून दाखवतो. त्यातल्या दोन इथे घेतो. पहिलीचं उदाहरण जुगाराचं. डाव प्रामाणिकपणे खेळला गेला, तर जो निकाल येईल तो न्याय्य. डावाबाहेर 'खरा विजेता' असा कुणी नसतो, ज्याच्याशी निकाल ताडून बघावा. दुसरीचं उदाहरण फौजदारी खटल्याचं. इथे मात्र कोर्टाच्या बाहेर एक सत्य असतं, माणसानं गुन्हा केलाय किंवा केलेला नाही. कोर्ट त्या सत्यापर्यंत पोचायचा प्रयत्न करतं. सगळे नियम पाळूनही निर्दोष माणूस आत जाऊ शकतो.

मला वाटतं, भालाफेकीची अंतिम फेरी पहिल्या प्रकारात येते. सहा फेकी, त्यातली सर्वांत लांब, संपलं. 'खरा विजेता' म्हणून वेगळा कुणी पडद्यामागे बसलेला नाही. धावपट्टीच्या टोकाला आठ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा एक कंस काढलेला असतो. पाय त्यावर किंवा त्यापलीकडे पडला की फेक बाद, मग भाला शंभर मीटर का जाईना. मोजतानाही असंच. पूर्ण सेंटिमीटर न भरलेला तुकडा सोडून देतात. ८६.४८९ आलं तरी लिहायचं ८६.४८. आम्हा प्रोग्रॅमर लोकांच्या भाषेत राऊंड नाही, फ्लोअर. यात कुणावर अन्याय होतो का? मला नाही वाटत. ती रेघ सगळ्यांना दिसते, सगळ्यांना सारखी आहे, आणि मुख्य म्हणजे तिच्यामागे दडलेलं कुठलं सत्य नाही, जे ती चुकवेल. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नीरजच्या सहापैकी पाच फेकी बाद झाल्या. एकच धरली गेली, ८९.४५, आणि तिनं रौप्य दिलं. त्या पाच फेकी 'खरं तर' किती होत्या, या प्रश्नाला अर्थ नाही. त्या नव्हत्याच.

पात्रतेची मुदत मात्र दुसऱ्या प्रकारातली. ती खटल्यासारखी. मुदतीच्या बाहेर एक खरा प्रश्न उभा असतो: ऑगस्टमध्ये जगातले सर्वांत चांगले भालाफेकपटू कोण असतील? ११ जुलै ही तारीख आणि ८३ मीटर हे अंतर मिळून त्या प्रश्नाच्या उत्तराचा अंदाज बांधतात. अंदाज चुकू शकतो. नीरजच्या बाबतीत तो बारा दिवसांत चुकीचा ठरला. म्हणून हळहळायचं असेल तर मेडलसाठी नको, त्या सहा फेकींसाठी हळहळायला हवं, ज्या त्याला मिळाल्याच नाहीत. मेडल त्याचं नव्हतं. फेकायची संधी मात्र, माझ्या मते, त्याची होती.

यावर लगेच कुणी म्हणेल, मुदत तर कुठेतरी ठेवावीच लागणार. कबूल. विमानाची तिकिटं, राहण्याची सोय, उत्तेजकांची चाचणी, गट पाडणं, सगळं त्या तारखेवर अवलंबून असतं. ११ ऐवजी २४ जुलै ठेवली असती तर २५ जुलैला फेकणारा कुणीतरी बाहेर राहिला असता. रेघ हलवली की दुःखाची जागा फक्त बदलते. हे मला इतकं पटलेलं आहे, की रेघ मारणाऱ्यांवर मला राग नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. रेघ अंदाजाची आहे हे ठाऊक असणाऱ्यानं, ती चुकलेली डोळ्यांना दिसत असताना, समोरच्याशी कसं बोलावं?

लंडनच्या त्याच फायनलचं पुढं जे झालं, त्यातून दोन रेघांमधला हा फरक मला सर्वांत स्पष्ट दिसतो. वॉलकॉटच्या मागे सात सेंटिमीटरवर, ८४.५१ वर, युक्रेनचा ओलेक्सांद्र प्यात्नित्स्या दुसरा होता. चार वर्षांनी उत्तेजकाच्या प्रकरणात त्याचं रौप्य काढून घेतलं गेलं आणि ते फिनलंडच्या आंटी रुस्कानेनकडे गेलं. भाला मोजताना चूक झाली नव्हती. टेप बरोबर होती, रेघ बरोबर होती. चुकीचं होतं ते त्या माणसाचं तिथे असणं. म्हणजे फेरी उघडली गेली ती फेकीसाठी नाही, पात्रतेसाठी. ती चार वर्षांनी उघडायला कुणी लाजलं नाही.

आता वयाकडे येतो. ज्युनिअर स्पर्धेतली सर्वांत मोठी रेघ तीच, आणि ती मैदानावर कुठेच दिसत नाही.

वीस वर्षांखालचा गट म्हणजे त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला वय एकोणीसपेक्षा जास्त नको. म्हणजे २०१६ साठी जन्म १९९७ किंवा त्यानंतरचा हवा. नीरजचा जन्म २४ डिसेंबर १९९७ चा. आता पाकिस्तानच्या अर्शद नदीमचा बघा: २ जानेवारी १९९७. दोघांमध्ये एक वर्षाला नऊ दिवस कमी, तरी दोघं एकाच गटात, एकाच वर्षी गटाबाहेर. कॅनडात रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञानं ऐंशीच्या दशकात आइस हॉकीच्या मुलांच्या जन्मतारखा तपासल्या, तर वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा दिसला. नऊ-दहा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचं अंतर म्हणजे उंची, वजन, ताकद सगळंच. मोठा दिसणारा निवडला जातो, निवडला गेल्यावर चांगला कोच मिळतो, आणि मग तो खरोखरच चांगला होतो. या हिशेबानं जानेवारीचा अर्शद पुढे असायला हवा होता. झालं उलटं. बिडगॉश्चला अर्शदही आला होता, पण पात्रता फेरीतच बाहेर पडला.

आठ वर्षांनी पॅरिसला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. अर्शद ९२.९७, ऑलिम्पिक विक्रम. नीरज दुसरा, पीटर्स तिसरा. ऑलिम्पिकच्या पोडियमवरचे तिघंही २०१६ मध्ये त्या पोलंडच्या मैदानावर होते. त्यातल्या ज्याला अंतिम फेरीही मिळाली नव्हती, तोच सर्वांत वर उभा होता. (आणि २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत बत्तीस वर्षांचा वॉलकॉट परत जिंकला, नीरज आठवा आला. हा खेळ कुणाला फार दिवस शहाणं राहू देत नाही.) अठराव्या वर्षी मारलेल्या रेघेला त्या दिवसाचा विजेता कळतो. माणूस कळत नाही.

पण नीरज काय, अर्शद काय, दोघांच्याही कागदावर एक तारीख होती आणि ती चालली. आपल्याकडे प्रश्न तिथूनच सुरू होतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला एक जून समजावून सांगायला नको. माझ्या वडिलांचा वाढदिवस एक जून. दोन काकांचा एक जून. आत्याचाही एक जून, आणि चौघं सख्खी भावंडं. शाळेत नाव घालायला नेलं, आजीला तारीख सांगता आली नाही, गुरुजींनी शाळा जूनमध्ये उघडते म्हणून एक जून लिहिलं. वर्षसुद्धा अंदाजानं, मूल सहा वर्षांचं भरेल असं. ३१ मेला सरकारी कार्यालयांत एकाच दिवशी इतके लोक निवृत्त होतात ते यामुळेच. आपण यावर हसतो, एक जूनला स्टेटस ठेवतो, 'अर्ध्या महाराष्ट्राला वाढदिवसाच्या शुभेच्छा'. हसण्यासारखं आहेच. पण त्या गुरुजींनी केलेली गोष्ट दयेची होती. मुलाला शाळेत घेता यावं म्हणून त्यांनी ते लिहिलं.

२०२१ मध्ये मी एका कंपनीत होतो. खेळाडूंना शिष्यवृत्ती देणाऱ्या एका संस्थेचं पोर्टल आम्ही बनवलं होतं. अर्जाची पहिली चाळणी माझ्या कोडमध्ये होती. सोळा वर्षांखालच्या गटासाठी जन्म १ जानेवारी २००६ किंवा त्यानंतरचा हवा. आधीचा असेल तर अर्ज पुढे सरकतच नाही, लाल अक्षरांत 'अपात्र' असं येतं. चार ओळींचं काम. मराठी शब्दसुद्धा मीच निवडला होता. 'वयोगटात बसत नाही' असं लिहिता आलं असतं, पण बटणाशेजारी जागा कमी होती.

त्या आठवड्यात सपोर्टची पाळी माझी होती. एक तिकीट आलं. (तारखा आणि बारीकसारीक गोष्टी मी बदलल्या आहेत.) मुलगा मराठवाड्यातला, आईवडील ऊसतोडीला जाणारे. तो जन्मला तोच कारखान्याच्या पट्ट्यात, कोपीवर, फेब्रुवारी २००६ मध्ये. तिथल्या ग्रामपंचायतीत नोंद झाली होती, पण तो कागद वडिलांनी बऱ्याच वर्षांनी आणला. दरम्यान गावच्या शाळेत नाव घालताना १ जून २००५ लागलं. आता शाळेचा दाखला एक सांगत होता, जन्माचा दाखला दुसरं. दोन्हींचे फोटो त्यानं जोडले होते, मोबाइलवर काढलेले, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आलेला. पोर्टल शाळेचा दाखला धरत होतं. खेळ या रकान्यात त्यानं निवडलं होतं: भालाफेक.

मी संस्थेच्या माणसाला विचारलं. हे मला सांगायलाच हवं, नाहीतर मी स्वतःला फारच खलनायक करून घेईन, आणि त्यातही एक प्रकारची मजा असते. त्यांचं उत्तर तयार होतं: "सगळे हेच म्हणतात." आणि ते खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे ज्युनिअर खेळांत वयचोरी किती आहे हे खेळाशी संबंध असलेल्या कुणालाही विचारा. क्रिकेट बोर्डाला मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय काढायची वेळ आली, ती उगाच नाही. आणि हाडांचं वय हासुद्धा अंदाजच. अठरा वर्षांचा मुलगा पंधराच्या गटात उतरला तर त्याच्यामुळे एक खरा पंधरा वर्षांचा मुलगा बाहेर जातो. तो मुलगा तिकीट टाकत नाही. त्याला कळतही नाही की आपली जागा कुणी घेतली. म्हणून कागदाच्या बाबतीत कडक राहायचं, अपवाद करायचा नाही, कारण एका खऱ्या अपवादामागून दहा खोटे येतात. या युक्तिवादाला माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही. कडकपणाची किंमत खरं बोलणाऱ्या मुलानं भरायची, की सैलपणाची किंमत न दिसणाऱ्या मुलानं, असा हा सौदा आहे, आणि टेबलावर बसणाऱ्यांपैकी कुणाच्याच खिशातून काही जात नाही.

पण माझी चूक तिथे नव्हती. नियम मी बनवला नव्हता, तो बदलायचा अधिकारही मला नव्हता. माझी चूक पुढच्या पायरीवर झाली. तिकीट बंद करताना कारण निवडावं लागतं. यादीत होतं: 'डुप्लिकेट', 'माहिती अपुरी', 'संस्थेकडे पाठवले', 'सिस्टिम अपेक्षेप्रमाणे काम करत आहे'. मी शेवटचं निवडलं. ते खरंच होतं. तारीख तपासणाऱ्या माझ्या चार ओळी अचूक चालत होत्या. शिवाय 'संस्थेकडे पाठवले' निवडलं असतं तर तिकीट उघडं राहिलं असतं आणि शुक्रवारच्या रिपोर्टमध्ये माझ्या नावापुढे दिसलं असतं.

म्हणजे मी काय केलं? खटला होता, आणि मी फायनलसारखा निकाल लावला. पाय कंसापलीकडे पडला, फेक बाद, पुढचा खेळाडू. पण त्या मुलाच्या तारखेमागे एक सत्य होतं. फेब्रुवारीतला एक दिवस, तो प्रत्यक्ष उजाडला होता, त्या दिवशी कोपीत एक बाई बाळंत झाली होती. ते सत्य शोधणं अवघड असेल, महाग असेल, संस्थेला परवडणारं नसेल. तसं सांगता आलं असतं. 'आम्हाला तपासता येत नाही' हे एक वाक्य आहे. 'तू अपात्र आहेस' हे दुसरं. पहिल्यात आपली मर्यादा आपण कबूल करतो, दुसऱ्यात ती त्याच्या अंगावर टाकतो. मी तर तिसरंच लिहिलं, जे वाचून पंधरा वर्षांच्या मुलाला वाटावं की बिघाड त्याच्यात आहे, कारण सिस्टिम तर नीट चाललीय.

इंजिनिअरिंगनं मला रेघा मारायला शिकवलं आणि ते चांगलं शिकवलं. एखादी अट 'पेक्षा कमी' आहे की 'पेक्षा कमी किंवा बरोबर', यावर मी तासभर भांडू शकतो. पण कोडमध्ये सगळ्या रेघा सारख्याच दिसतात. भाल्याचं टोक जमिनीला कुठे लागलं ही अट, आणि गुरुजींनी २०११ मध्ये घाईत लिहिलेला जन्मदिवस ही अट, दोन्ही एकाच ओळीत बसतात, दोन्हींचं उत्तर हो किंवा नाही. पहिल्यात 'नाही' म्हणजे नाहीच. दुसऱ्यात 'नाही' म्हणजे 'माझ्याकडच्या कागदावरून नाही'. हा फरक कंपायलरला दिसत नाही. तो मला दिसायला हवा होता, त्यासाठीच तर पाळीवर माणूस बसवलेला असतो.

पुढच्या वर्षी पोर्टलमध्ये बदल करायचे होते तेव्हा मी दोन गोष्टी सुचवल्या. दोन दाखल्यांत तफावत असेल तर अर्ज अडवू नये, वेगळ्या यादीत टाकावा आणि माणसानं बघावा. ही मान्य झाली नाही, बघायला माणूस नव्हता. दुसरी, 'अपात्र' हा शब्द काढावा. ही मान्य झाली. आता तिथे 'दिलेल्या कागदपत्रांनुसार वयोगटात बसत नाही' असं येतं, दोन ओळींत, बटण थोडं खाली सरकवून. फार मोठं काम केलं असं मी म्हणत नाही. बटण खाली सरकवायला मला वीस मिनिटं लागली.

त्या कामासाठी जुनी तिकिटं चाळताना ते परत समोर आलं. बंद केलेल्या तिकिटावर कुणी उत्तर लिहिलं तर आम्हाला सूचना यायची नाही, तशी सोयच ठेवलेली नव्हती. त्यानं लिहिलं होतं, मी बंद केल्याच्या दुसऱ्याच दिवशी. एक ओळ, 'सर तारखेचं राहू द्या, थ्रो तरी बघा', आणि खाली एक व्हिडिओ. अकरा सेकंदांचा. कापून नेलेल्या उसाचं रान, खोडक्या तशाच. मुलगा अनवाणी, हातात बांबूचा भाला, पुढे लोखंडी टोक बसवलेलं. धावत येतो, शेवटची आडवी पावलं व्यवस्थित टाकतो, डावा पाय रोवतो, सोडतो. मोबाइल धरणारा भाल्यामागे कॅमेरा वळवायला जातो आणि हात हलतो. नुसतं आभाळ येतं. भाला कुठे पडला ते दिसत नाही.